वाढलं की वळायचं

राउरकेला
२६ जुलै १९८१

जेजेमा, तुझ्या पायांवर मुंडिया.

मी खुशाल आहे. मेस चांगली आहे, बाबू लोक चांगले आहेत. पोटभर जेवतो, गाढ झोपतो. बापांना आणि दोन्ही दादांना मुंडिया सांग. नातू परगावी गेला म्हणून तू काळजी करू नकोस.

भाउज, इथून पुढचं जेजेमाला वाचून दाखवू नकोस. थोरल्या दादाशी लग्न करून या घरात आलीस आणि पत्रं वाचण्या-लिहिण्याचं काम तुझ्या गळ्यात पडलं, त्याचा आज मला एवढा फायदा होऊ दे.

मला झोप नाही. जेवण जात नाही. मेसमध्ये चाळीस बाबू जेवतात, सगळे कारखान्यातले, सगळे बिनलग्नाचे, म्हणजे घरी बोलायला कुणी नाही, जे काय बोलायचं ते माझ्या डाळीलाच बोलतात. मेसचे सेक्रेटरी हालदारबाबू पहिल्याच दिवशी म्हणाले, "देवळातला आचारी आहेस म्हणून ठेवतोय. दुर्गापूजेच्या दशमीपर्यंत बघू, मग ठरवू." तेव्हापासून ते बघतायत आणि मी त्यांना बघतोय.

स्वयंपाकघर आणि जेवणघराच्या मधे वाढायची खिडकी आहे. वाढून झालं की मी त्या खिडकीच्या कडेला उभा राहतो आणि एकेकाचं तोंड बघतो. कुणी कपाळाला आठी घातली, कुणी पाणी जास्त प्यायलं, कुणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. सेनापतीबाबू म्हणून एक चष्मेवाले आहेत, ते पहिल्या घासालाच तोंड वाकडं करतात. त्यांनी तोंड वाकडं केलं की संध्याकाळच्या डाळीत मी काहीतरी वेगळं घालतो. मग दुसरा कुणीतरी तोंड वाकडं करतो. डाळ शिजताना इतक्यांदा चाखतो की शेवटी जीभ भाजते आणि चव कळेनाशी होते. परवा स्वप्नात बटाटे आले. रांगेत उभे होते आणि माझ्याकडे बघत होते.

इथून काढलं तर जायचं कुठे? मोठ्या देवळाच्या रांधणघरात आपल्या घराची जी पाळी आहे ती बापांत आणि दोन दादांत वाटून झाली. मी परत आलो तर चौथा हात नाही, चौथं तोंड होईन. कुठल्या साधूकडे झोपेचा दोरा-ताईत मिळत असेल तर गुपचूप पाठव. जेजेमाला कळू देऊ नकोस, ती हसेल.

बांछानिधी


हरचंडी साही, पुरी
५ ऑगस्ट

बांछा,

हसले.

तुझ्या भाउजला बोल लावू नकोस. "काळजी करू नकोस" इथे तिचा आवाज थांबला आणि डोळे पुढे चालत राहिले. मला अक्षरं वाचता येत नाहीत, डोळे येतात. म्हटलं, बोहू, त्या कागदावर अजून बरंच आहे, वाच, नाहीतर उद्यापासून विळीवर नारळ खोवायला तू बैस. वाचलंन सगळं. बटाट्यांपर्यंत आलो तेव्हा तिलाही आवरेना. बटाटे रांगेत उभे होते म्हणे! माझा नातू पंचवीस वर्षांचा घोडा, आणि बटाट्यांना भितो.

दोरा-बिरा काही मिळणार नाही. साधू लोकांना स्वतःलाच झोप नाही, हल्ली सगळे इथे येऊन चहा मागतात. मी सांगते ते ऐक.

तुझा बाप सकाळी आंघोळ करून, तोंडाला फडकं बांधून रांधणघरात शिरतो. चूल पेटवतो, मडक्यावर मडकं चढवतो. भात, भाज्या घातलेल्या डाळीचा डालमा, खेचुडी, काय असेल ते. तुझ्या जेजेनेही, माझ्या नवऱ्याने, जन्मभर हेच केलं. दोघांपैकी एकाने तरी कधी जिभेवर थेंब ठेवला का? चाखायचं नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. शिजलं की मडकी भोगमंडपात नेऊन ठेवायची आणि वळायचं. दार बंद. आता मला सांग, तुझ्या बापाने कधी दाराच्या फटीला डोळा लावून बघितलंय का, की बलभद्राने डालमा ओरपला की बोटाने बाजूला सारला? सुभद्रेने नाक मुरडलं का? जगन्नाथाने दुसऱ्यांदा भात मागितला का? तो तर डोळे एवढे वटारून बसलाय की आवडलं की नावडलं काही पत्ता लागत नाही. आणि तरी आपलं घराणं बुडालेलं नाही.

रांधणं आपलं, खाणं त्याचं. वाढलं की वळायचं. एवढंच आहे रे सगळं, यात दोरा कुठे बांधणार?

तेव्हा हे सारखं सारखं चाखत बसणं सोड. हाताला सगळं माहीत असतं. तू बापाच्या हाताखाली शिकलायस.

(लिहिलंस का गं? बटाट्याचं पण? बरं.)

तुझी जेजेमा

ता. क. मी भाउज. माफ कर. पण नारळ खोवण्यापेक्षा तुझा विश्वासघात बरा वाटला. तिने तुला आणखी बरीच नावं ठेवली होती, ती मी गाळली आहेत.


राउरकेला
१६ ऑगस्ट

जेजेमा, मुंडिया.

तू सांगितलंस तसं केलं. तोंडाला फडकं बांधलं आणि चाखणं बंद केलं. दोन दिवस बरं गेलं, जीभसुद्धा बरी झाली. तिसऱ्या दिवशी काय झालं ते लिहितो. भाउज, सगळं वाच, आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या दिवशी गोदामातलं खडे मीठ संपलं होतं. हालदारबाबूंनी बाजारातून पुड्यातलं बारीक मीठ आणून दिलं. मी डोळे मिटून बापांसारखी मूठ भरली आणि घातली. हाताला सगळं माहीत असतं असं तू म्हणाली होतीस. हाताला खडे मीठ माहीत होतं गं. बारीक मीठ मुठीत दाबून बसतं, दुपटीने गेलं. मी चाखलं नाही. वाढलं आणि वळलो.

पाठीमागे आधी भात कालवल्याचे आवाज. मग एकदम चाळीस जण पाण्याच्या पिंपाकडे.

हालदारबाबू वाटी घेऊन आत आले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "हे तू चाखलंस?"

मी फडकं खाली करून म्हणालो, "आमच्यात चाखत नाहीत, बाबू."

"चाखत नाहीत म्हणजे?"

"भोग चाखायचा नसतो."

हालदारबाबूंनी वाटी माझ्या नाकाखाली धरली. मागून सेनापतीबाबू खिडकीत तोंड घालून ओरडले, "अरे, आम्ही देव नाही आहोत! आम्हाला चव कळते!"

सगळे हसले. मी सोडून. रात्री मेसच्या भिंतीवर कुणीतरी खडूने लिहिलं, "येथे देवांची सोय होते. माणसांनी घरून जेवून यावे."

आता काय करू? चाखलं तर झोप जाते, नाही चाखलं तर नोकरी जाते.

बांछानिधी


पुरी
२४ ऑगस्ट

बांछा, अरे गाढवा,

मी डाळ चाखू नकोस असं कधी म्हटलं? माणसांची तोंडं चाखू नकोस म्हटलं होतं!

(इथे बोहू म्हणते की मी "चाखणं सोड" असंच म्हटलं होतं, आणि तिने तसंच लिहिलं. म्हटलं असेल. पण ज्याला थोडी अक्कल आहे त्याला कळतं की म्हातारी कशाबद्दल बोलते. बोहू म्हणते, मलाही डाळीबद्दलच वाटलं होतं. म्हणजे घरात अक्कल असलेली मी एकटीच उरले.)

देवाला अळणी चालतं, खारट चालतं. तो इतकी वर्षं गप्प बसलाय, ती त्याची रीत. कारखान्यात दिवसभर भट्टीपुढे घाम गाळून आलेला माणूस गप्प बसणार नाही आणि बसूही नये. त्याच्यासाठी रांधतोस तर त्याच्या जिभेची काळजी घे. डाळ शिजली की पळीभर तळहातावर घे, एकदा चाख, कमी-जास्त कर. ते रांधण्यातच येतं. तोवर सगळं तुझं आहे, पाहिजे तेवढं कर. पण वाढलंस की तुझं संपलं. मग ती डाळ सेनापतीची. तो तोंड वाकडं करतो का सरळ, ते त्याचं तोंड आहे. तू त्याच्या तोंडाचा आचारी नाहीस.

कळलं? डाळ चाखायची. खिडकीतून बघायचं नाही. बोहूकडून पुन्हा वाचून घेतलंय, या वेळी बरोबर लिहिलंय.

आणि बारीक मिठाची मूठ अर्धीच भर. हे मी कुणाला विचारलं नाही, माझं मला कळतं.

जेजेमा


राउरकेला
५ सप्टेंबर

जेजेमा, मुंडिया.

आता डाळ एकदाच चाखतो. मीठ बरोबर पडतं. भिंतीवरचं कुणीतरी पुसून टाकलं, बहुतेक पावसाने.

पण खिडकीचं काही जमत नव्हतं. वाढून वळायचो, आणि मान आपोआप मागे फिरायची. म्हणून मी खिडकीला तांदळाचं रिकामं पोतं लावलं. वाढून झालं की पोतं खाली सोडतो. देवळात दार बंद होतं ना, तसं.

पहिल्या दिवशी बाबूंना वाटलं मी रागावलोय. दुसऱ्या दिवशी त्यांना वाटलं आत मी काहीतरी वेगळं, चांगलं, माझ्यापुरतं शिजवून खातोय. एकाला भात हवा होता, तो पोत्याला "ओ महाराज, ओ महाराज" करत राहिला, मी पाटा धूत होतो, ऐकू आलं नाही. हालदारबाबू मागच्या दाराने एकदम आत आले आणि सगळ्या डब्यांची झाकणं उचलून बघितली. म्हणाले, "आत लपवतोस काय?" मी म्हणालो, "काही नाही, मी फक्त बघत नाहीये." ते म्हणाले, "काय बघत नाहीयेस?" मी पुन्हा पाटा धुवायला लागलो.

आणि खरं सांगू, पोत्यामुळे काही फरक पडला नाही. तोंडं दिसत नाहीत म्हणून आता कानाने चाखतो. कुणाची खुर्ची लवकर सरकली, कुणाच्या ताटात चमचा जास्त वेळ खरवडला, कोण खोकलं. आधी निदान सेनापतीबाबूंचंच तोंड वाकडं दिसायचं. आता पोत्यापलीकडे चाळीसच्या चाळीस तोंडं वाकडी आहेत असं वाटतं.

हालदारबाबूंनी आज सांगितलं, दशमीच्या दिवशी दुपारी मोठं जेवण. सगळ्यांना पाहुणे आणायची मुभा. ते जेवण माझं, आणि त्यानंतर माझं काय ते ठरणार. माझी झोप आणखी उडाली.

बांछा


पुरी
१४ सप्टेंबर

बांछा,

पोतं काढ रे बाबा. भोगमंडपाचं दार आणि तांदळाचं पोतं यात काही फरक आहे की नाही? लोकांना भात हवा असेल तर तो द्यायचा, तेही तुझंच काम. खिडकी उघडी ठेव आणि हात चालू ठेव. मान फिरली तर फिरू दे. मान काय, परत सरळ करता येते.

तुला जेजेची एक गोष्ट सांगते. त्या वेळी तुझा बाप रांगत होता. एका मठाचा उत्सव होता, तिथे जेजेला रांधायला बोलावलं होतं. पहाटेपासून रांधलंन. कान्हिकेचा गोड भात, सात तऱ्हेच्या भाज्या, आवळ्याचं आंबट, दुधाची खिरी. पंगत बसायच्या आधी कुठूनसं एक कुत्रं आलं आणि सरळ खिरीत तोंड घातलंन. झालं. सगळं विटाळलं. मठाचे लोक म्हणाले, पुरा. समुद्राकाठी वाळूत खड्डा खणला आणि सगळं अन्न पुरलं. जेजेने पुन्हा आंघोळ केली, पुन्हा चूल पेटवली, पुन्हा सगळं रांधलं. पंगत उठली तेव्हा दिवे लागले होते. घरी आला, पाण्यातला भात खाल्लान आणि जो घोरायला लागला!

मी रात्रभर जागी. कोण ते कुत्रं, कुणाचं, दार कुणी उघडं टाकलं, तुपाचं केवढं नुकसान. सकाळी त्याला म्हटलं, तुम्हाला झोप कशी लागली? सगळी मेहनत वाळूत गेली. तो म्हणाला, "वाळूत अन्न गेलं. मेहनत तर मी केली ना, ती कुठे जाणार?"

हा माणूस आयुष्यभर असंच काहीबाही बोलायचा आणि घोरायचा. मी त्याच्याशी त्याबद्दल फार भांडलेय. पण झोप त्याला लागायची, मला नाही, हे खरंय.

तू माझ्यावर गेलायस की काय?

जेजेमा

ता. क. भाउज लिहिते. तुझं पत्र यायच्या दिवसांत पोस्टमनचं पाऊल आधी हिला ऐकू येतं, मग मला. विचारलं तर म्हणते, पाऊस बघायला उंबऱ्यावर बसले होते.


राउरकेला
२६ सप्टेंबर

जेजेमा,

पोतं काढलं.

पण एक लिहितो, राग मानू नकोस. तुला सांगायला सोपं आहे. जेजेला पण सोपं होतं. कुत्र्याने खिरीत तोंड घातलं तरी दुसऱ्या दिवशी जेजेची पाळी जेजेचीच होती. जन्माने मिळालेली. कुणी त्याला म्हणालं का, दशमीपर्यंत बघू? जगन्नाथ आपल्या सुआराला, देवळातल्या रांधणाऱ्याला, नोकरीवरून काढत नाही. हालदारबाबू काढतात. आधीच्या आचाऱ्याला काढलं, त्याच्या आधीच्यालाही काढलं. काल ते माझ्याशी बोलताना सारखे मिशीला पीळ देत होते, ही चांगली खूण नाही असं इथला पाणक्या म्हणतो. सेनापतीबाबू दोन दिवस जेवायलाच आले नाहीत. कुणी म्हणतं ताप आहे, कुणी म्हणतं माझ्या डाळीला कंटाळले.

फळाकडे बघू नको असं ज्याचं पोट भरलेलं आहे तो सांगतो.

बांछा


पुरी
२ ऑक्टोबर

बांछा,

खरं आहे तुझं. मी दिवसभर विचार केला. बोहू दोनदा लिहायला बसली, दोनदा मी उठवलं.

जेजेची पाळी त्याची होती. तुझी नाही. हालदारबाबू तुला काढू शकतो आणि त्याला मी इथून काही करू शकत नाही. काढलंन तर घरी ये. चौथं तोंड म्हणे! या घरात आजवर कुणाचं तोंड कुणी मोजलंय? तुझ्या बापाला मी सांगून ठेवलंय. तो हूं म्हणाला. त्याचं हूं म्हणजे हो.

पण एक गोष्ट विचारते. तुझी सगळी पत्रं मी बोहूकडून पुन्हा वाचून घेतली. त्यात सेनापतीचा चष्मा आहे, हालदारची मिशी आहे, खुर्च्या आहेत, चमचे आहेत, खडूने लिहिलेलं आहे, पाणक्या काय म्हणतो ते आहे. तू आचारी ना रे? या इतक्या पत्रांत एकही भाजी नाही! ते स्वप्नातले बटाटे सोडले तर तू काय रांधतोस हे मला अजून माहीत नाही. तिकडे वांगी कशी मिळतात? सुरण खाजतो का? डाळ कुठली, तूर की हरभरा? चूल लाकडाची की कोळशाची? भोपळा पिकलेला मिळतो की हिरवाच? ज्या माणसाच्या पत्रात एकही भाजी नाही त्याच्या डाळीला चव कुठून येणार?

मी तुला शेवटचं एकच सांगते, मग पुन्हा शिकवणार नाही. दशमीचं जेवण झालं की मला पत्र लिही. त्यात एकही बाबू असता कामा नये. चष्मा नको, मिशी नको, कुणी काय म्हटलं ते नको. फक्त काय रांधलं आणि कसं रांधलं. मला इथे बसून वास आला पाहिजे.

जेजेमा


राउरकेला
१० ऑक्टोबर

जेजेमा, तुझ्या पायांवर मुंडिया. बापांना, दादांना, भाउजला मुंडिया.

परवा दशमी झाली. तू सांगितलंस तसं लिहितो.

पहाटे बाजारात गेलो. वांगी छोटी, काटेरी, देठाला अजून दव होतं. बी कोवळं. ती मी हाताळून एकेक निवडली, भाजीवाली वैतागली. भोपळा अर्धा पिवळा, अर्धा हिरवा, म्हणजे शिजायला वेळ लावणारा पण विरघळून न जाणारा. कच्ची केळी, अळवाच्या गाठी, सुरण. सुरण खाजतोच, तू विचारलं होतंस. त्याला चिंचेच्या पाण्यात ठेवला. डाळ तुरीची. चूल कोळशाची, आणि तिचा स्वभाव मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळला. उजवीकडून जास्त तापते. मी पातेलं थोडं डावीकडे सरकवलं आणि डालमा तळाला लागणं बंद झालं. एवढीशी गोष्ट, आणि मी ती आजवर बघितली नव्हती.

डाळ अर्धी शिजल्यावर आधी सुरण, मग केळी, मग अळवाच्या गाठी, मग भोपळा, वांगी शेवटी. बापांनी शिकवलेल्या क्रमाने. झाकण ठेवलं आणि ऐकत बसलो. आधी डाळ मोठ्याने बोलते, खळखळ. मग भाज्या पडल्या की गप्प होते. मग हळूहळू पुन्हा बोलायला लागते, पण जाड आवाजात. तो जाड आवाज आला की समजायचं झालं. देवळाच्या रांधणघरात इतक्या चुली असतात की एका मडक्याचा आवाज वेगळा ऐकू यायचा नाही. इथे एकच होती. भाजलेल्या जिऱ्याची पूड, सुकी मिरची, वरून खोवलेलं खोबरं आणि तूप. तळहातावर घेऊन एकदा चाखलं. मीठ किंचित कमी होतं, चिमूट टाकली.

गोड भात केला, त्यात मनुका आणि दालचिनी. वांग्याला मोहरी वाटून लावली. आवळे मिळाले नाहीत, म्हणून टोमॅटो-खजुराचं आंबटगोड केलं. देवळात टोमॅटो चालत नाही, इथे चालतो. खिरीला मुद्दाम झाकण लावून वर वरवंटा ठेवला, कुत्र्यासाठी.

मधेच कळलं की जेवणारे ठरल्यापेक्षा बरेच जास्त आहेत. पुन्हा डाळ चढवली, पुन्हा भात. दुसऱ्या वेळी भोपळा नव्हता, तर दुधी घातला. दुधी घातलेला डालमा वाईट नसतो जेजेमा, फक्त हलका होतो. पुढच्या वेळी मी मुद्दाम थोडा दुधी घालणार आहे.

वाढलं. मग पातेली घासायला घेतली. मोठं पातेलं तळाला जरा धरलं होतं, राख आणि नारळाच्या शेंडीने घासून आरशासारखं केलं. मग कोपऱ्यात पोत्यांचा ढीग आहे त्यावर जरा टेकलो. जाग आली तेव्हा अंग गार पडलं होतं आणि बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते. कुणीतरी अंगावर चादर टाकली होती. इतका मी घरीसुद्धा झोपलो नव्हतो.

पत्ता बदललाय. आता मेसच्या मागची खोली, क्रमांक नाही, नुसतं "मागची खोली" लिही. भिंतीला ओल आहे, मी चुना लावतोय. भाउजला विचार, चुना भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात काय घालतात? गूळ की डिंक?

वास आला का?

बांछा


पुरी
१७ ऑक्टोबर

बांछ्या,

वास आला. बोहूला पण आला, तिने संध्याकाळी डालमा केला. वांग्याचं काय आणि सुरणाचं काय, सगळं छान. पुढचं लिहिताना थांबू नकोस असं तिला सांगितलंय.

अरे पण नोकरीचं काय?

पहिलं पान झालं, सुरण झाला. दुसरं पान झालं, डाळ जाड आवाजात बोलली. मी म्हटलं, आता येईल. दुधी आला! मी बोहूला म्हटलं, पुढे जा, शेवट वाच. ती म्हणाली, असं मधलं सोडून वाचू नये. मी म्हटलं, तुला कुणी विचारलं. तिने शेवट वाचला, तर चुना! गूळ की डिंक! मी बाबू लिहू नकोस म्हटलं होतं. निकाल लिहू नकोस म्हटलं होतं का?

पत्र आलं तेव्हापासून या घरात हेच चाललंय. तुझा बाप म्हणाला, खोली दिली म्हणजे ठेवलंय. थोरला म्हणाला, आधी खोली देतात आणि मग काढतात असंही होतं. मधला म्हणाला, काढायच्या माणसाला कुणी चादर घालतं का? मग बापाने पुन्हा हूं केलं. बोहू म्हणाली, स्वतःची भिंत असल्याशिवाय कुणी ओलीला चुना लावत नाही. ते मला पटलं. तिला आज पहिल्यांदा म्हटलं, तुझं डोकं चांगलं आहे गं. ती लिहिताना लाजतेय.

म्हणजे ठेवलंय. ठेवलंच आहे. मला कळलंय. पण तू लिही. पोस्टकार्डावर लिही. एकच ओळ. भाजी एकही नको.

चुन्यात डिंक घालतात. आणि झोपतोस ना अजून तसाच? तेही लिही. त्याच ओळीत बसव.

जेवण चाळीसांना आवडलं की नाही हेही लिहिलंस तरी चालेल. चालेल काय, लिहीच. त्या चष्मेवाल्याने काय केलं? आलेला का? तोंड कसं होतं? दुसऱ्यांदा भात मागितलान का? डालमाला काही म्हणाला का? हालदारची मिशी काय करत होती?

बोहू लेखणी खाली ठेवून माझ्याकडे बघतेय. म्हणते, जेजेमा, वाढलं की वळायचं ना?

तिला म्हटलं, लिही गपचूप. वळायचं आचाऱ्याने. मी आचाऱ्याची आजी आहे.

जेजेमा